मुलाखतीत अडतं कुठे?

प्रश्न: बीसीए झाल्यावर कॉटलिन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकलो आणि अँड्रॉइडची दोन अ‍ॅप्स केली. त्यातलं एक किराणा दुकानाच्या उधारीचं खातं ठेवतं. पुण्यात मुलाखती देतोय. ऑनलाइन चाचणी निघते, पण टेक्निकल राउंडनंतर बोलावणं येत नाही. अ‍ॅक्टिव्हिटीचं लाइफसायकल (अ‍ॅपचा पडदा उघडण्यापासून बंद होईपर्यंतचे टप्पे) विचारलं तर सगळं क्रमाने सांगतो. इंग्रजी कच्चं आहे म्हणून असं होत असेल का?
– एक वाचक, जळगाव

उत्तर: इंग्रजीचं मनातून काढून टाका. मी पुण्यात अँड्रॉइडच्या मुलाखती घेते. उमेदवार मराठी-इंग्रजी मिसळून बोलला म्हणून त्याला नाकारल्याचं मला आठवत नाही. 'ऑनक्रिएट, ऑनस्टार्ट, ऑनरिझ्यूम' हे टप्पे सगळेच म्हणून दाखवतात. नुसत्या व्याख्या विचारून उठणाऱ्या मुलाखतकारांचा मला मनापासून राग येतो, कारण त्यांच्यामुळेच मुलं पाठांतराला लागतात.

तुमचंच उधारीचं अ‍ॅप घ्या. गिऱ्हाइकाचं नाव अर्धं टाइप झालंय आणि फोन आडवा झाला. एरवी अँड्रॉइड अशा वेळी जुनी अ‍ॅक्टिव्हिटी मोडून नवी उभी करतं. कंपोझमध्ये (पडदे बांधायच्या साधनात) नुसतं 'रिमेम्बर' वापरलं असेल तर नाव गेलं, व्ह्यूमॉडेलमध्ये (पडद्याची माहिती वेगळी ठेवणाऱ्या भागात) ठेवलं असेल तर टिकलं. इथवर बरेच जण येतात. मग मी विचारते, दुकानदार मध्येच कॅमेऱ्यात गेला, मेमरी कमी पडली आणि सिस्टिमने तुमची प्रोसेसच, म्हणजे चालू असलेलं अख्खं अ‍ॅपच, बंद केली, तर? प्रोसेस गेली की व्ह्यूमॉडेलही जातं. म्हणून अर्धवट नाव 'रिमेम्बरसेव्हेबल' किंवा 'सेव्हडस्टेटहँडल' या स्थिती जपणाऱ्या सोयींमध्ये हवं, आणि पक्की नोंद रूमच्या, म्हणजे फोनमधल्या, डेटाबेसमध्ये.

हे नुसतं वाचून जाऊ नका, करून बघा. होम बटण दाबून अ‍ॅप मागे टाका, फोनला जोडलेल्या लॅपटॉपवरून 'एडीबी शेल एएम किल' ही प्रोसेस बंद करणारी आज्ञा आणि पुढे अ‍ॅपच्या पॅकेजचं नाव द्या, मग रीसेंट अ‍ॅप्समधून परत उघडा. रीसेंटमधून अ‍ॅप सरकवून काढणं ही ती चाचणी नव्हे. तसं केलं की जपलेली स्थितीही जाते. 'मी तपासलं होतं' म्हणणारे बहुतेक इथेच फसतात.

मशीन कोडिंगच्या (तिथेच छोटं अ‍ॅप लिहून दाखवायच्या) राउंडला एपीआयवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या सर्व्हरकडून, यादी आणून दाखवायला सांगतात. यादी बहुतेकांची येते. मी एअरप्लेन मोड लावते, आणि पडदा कोरा! लोडिंग, चूक आणि 'पुन्हा प्रयत्न करा' हे तिन्ही आधी उभं करा, सजावट नंतर. जावा वाचता येऊ द्या. कॉटलिनला गूगलचा अधिकृत पाठिंबा २०१७ मध्ये मिळाला, त्याआधीचा जावातला पुष्कळ कोड अजून चालू आहे.

आणि अ‍ॅप प्ले स्टोअरवर टाका. डेव्हलपर खात्याचे २५ डॉलर एकदाच भरायचे असतात. नव्या वैयक्तिक खात्याला आधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस 'क्लोज्ड टेस्टिंग', म्हणजे निवडक लोकांपुरती चाचणी, करून घ्यावी लागते. त्यासाठी ओळखीचे दुकानदारच गाठा. ते जिथे अडखळतील ते लिहून ठेवा, आणि 'तुमच्या प्रोजेक्टबद्दल सांगा' म्हटलं की तिथूनच सुरुवात करा.