ऊस उभा असतो तेव्हा

प्रिय पोरी,

दसऱ्यानंतर नववीतल्या तिघी शाळेत आल्याच नाहीत, म्हणून तू पालकांना शिक्षणाचं महत्त्व पटवायला निघालीस. जरा थांब. तेच पालक ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालायला येतात. महत्त्व त्यांना ठाऊक आहे.

सांगलीकडच्या वाळवा तालुक्यात शिक्षिका म्हणून नवी असताना मीही असंच भाषण ठोकून आले होते. बापानं चहा पाजला, मान डोलावली आणि उन्हाळ्यात पोरीचं लग्न उरकलं. पुढच्या वर्षी मात्र एका मुलीबरोबर फाट्यापासून वस्तीपर्यंत चालत गेले. दीड किलोमीटर. दोन्हीकडं डोक्याच्या वर गेलेला आडसाली ऊस, मधे गाडीवाट, पाती दंडाला कापत होती. कडूसं पडलेलं. मागं काही सळसळलं की ती बोलता बोलता गप्प व्हायची. मग मीही.

पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट मिळतो, पण गाडी फाट्यावर सोडते. बापाचा जीव टांगतो तो तिथून पुढं.

म्हणून आधी त्यांच्या वाटेनं, त्यांच्याच वेळेला चालून ये. मग ग्रामपंचायतीचा ठराव आणि शाळेचा अर्ज घेऊन आगारप्रमुखांना भेट, वस्तीजवळ थांबा माग. पोच घेतल्याशिवाय उठू नकोस. आमचं काम तिसऱ्या हेलपाट्याला झालं. आणि जादा तास सकाळी घ्या. संध्याकाळी सहापर्यंत पोरींना डांबून ठेवतो आपणच, हे पाप आपल्या पदरात आहे.

‘भावाला सोबत धाडतो’ असं कुणी म्हणालं तर लगेच हुरळू नकोस. भाऊ तापानं पडला की हिची शाळा बुडते. त्याची दहावी झाली की हिचीही संपते. चौघी-पाचजणी मिळून येऊ-जाऊ देत.

अजून एक. वाटेत कुणी छेड काढली तरी पोरी घरी सांगत नाहीत. सांगितलं की छेडणारा मोकळा आणि शाळा हिची बंद. मुलींच्या सुरक्षिततेसाठी शाळेत नेमायची सखी सावित्री समिती बहुतेक ठिकाणी फाइलीत असते. तुझ्या शाळेत तिची बैठक खरोखर भरव. पोरीनं काही सांगितलंच, तर ते दाबू नकोस आणि तिला घरी बसवूही देऊ नकोस.

तोडणीच्या टोळ्या आल्यात म्हणतेस. कडेचा ऊस तुटला की तिघीतल्या दोघी तरी परत येतील. त्या खुशीत अर्ज तसाच ठेवू नकोस. तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून खोडवा लगेच फुटतो.

तुझी,
बाई