राष्ट्रीय तेलबिया अभियानाचे शेतकऱ्याला तोटे काय?

तोटा एकच, बाकीचे त्याच्या पोटात आहेत. हे अभियान पीक वाढवायला निघालंय, भाव राखायला नाही. १०,१०३ कोटी रुपये खर्चून ३९० लाख टनांचं उत्पादन २०३०-३१ पर्यंत ६९७ लाख टनांवर न्यायचंय. वाढलेला माल कोण घेणार आणि कितीला?

ऑक्टोबर २०२४ च्या सुरुवातीला याला मंजुरी मिळाली. त्याच महिन्याच्या शेवटी मी २२ क्विंटल सोयाबीन घेऊन खरेदी केंद्रावर उभा होतो. आम्ही औसा तालुक्यातले. तिथल्या माणसानं मूठभर दाणे मशीनमध्ये टाकले. ओलावा १४ टक्के. नियम १२ चा. परतीच्या पावसात काढलेलं सोयाबीन १२ वर येणार कसं? तिथंच ताडपत्री पसरली, दोन दिवस दाणे पायानं खालीवर केले. ढग आले की गोळा करायचं, ऊन पडलं की पुन्हा पसरायचं. तिसऱ्या दिवशी ओलावा १३. दिवाळी तोंडावर, मळणीवाल्याचे आणि मजुरांचे पैसे द्यायचे होते. आडतीवर क्विंटलला ४,०५० नं घातलं. हमीभाव होता ४,८९२. पुढं नोव्हेंबरात सरकारनं १५ टक्के ओलाव्यापर्यंत सूट दिली, तेव्हा आमच्या घरात एक पोतं शिल्लक नव्हतं.

त्याआधी सप्टेंबरात कच्च्या खाद्यतेलाचं आयात शुल्क, उपकर धरून, साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्के केलं होतं. तेलाचा डबा महागला, सोयाबीन तिथंच. कारण सोयाबीनमध्ये तेल जेमतेम १८-२० टक्के, बाकी सगळी पेंड. पेंडीला उठाव नसेल तर तेल कितीही महाग होऊ द्या, शेतकऱ्याच्या हाती काही येत नाही. इथेनॉलच्या कारखान्यांतला मका-तांदळाचा स्वस्त चोथा कोंबडीखाद्यात आल्यावर पेंडीला कोण विचारतो? आणि मे २०२५ मध्ये, ऐन पेरणीच्या तोंडावर, कच्च्या तेलाचं मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणलं. पेरा वाढवा म्हणणारं सरकार तेच.

दुसरं असं की तेलबिया म्हटलं की आमच्याकडं आता फक्त सोयाबीन. आमच्या रानात रब्बीला ज्वारीच्या कडेनं करडईच्या ओळी असायच्या. काटे असल्यानं जनावर आत शिरायचं नाही. काढणीला आई हातापायाला चिंध्या गुंडाळायची. वर्षाचं तेल घाण्यावरून यायचं, पेंड म्हशीला. थोरल्या भावानं २००९ ला ते बंद केलं. "काट्यात कोण मरतंय, सोयाबीन-हरभरा सोपा." मी तेव्हाही नको म्हणालो होतो. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडब्यापाठोपाठ म्हशी गेल्या. आता आम्ही पिशवीतलं तेल आणतो आणि सोयाबीन मातीमोल विकतो. दादा अजून म्हणतो, "जग घेतंय ते आपण घ्यावं." जगानं घेतलं म्हणूनच तर भाव पडला!

अभियानच नको, असं मी म्हणत नाही. देश निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, हे बरं नाहीच. आणि सोयाबीनच्याच पैशावर आमचं घर उभं राहिलं, माझं कॉलेज झालं, हेही खरं. चांगलं बियाणं मिळत असेल तर जरूर घ्या.

पण सगळं रान एका पिकाखाली घालू नका. एक-दीड एकर करडईला ठेवा. काट्याची भीती घालणाऱ्याला सांगा, आता हार्वेस्टरनं काढणी होते. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं पीबीएनएस-१२ हे करडईचं वाण चांगलं आहे, पेरा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, जमिनीत ओल असताना. माझ्या वाटणीच्या रानात यंदा मी तेच पेरणार आहे. दादाला सांगून झालंय.