चाकणला क्वालिटीत तीन वर्षं झाली, पण ‘वर’ कुणाची ओळख नाही. पुढे जायला ओळखी कशा वाढवायच्या?

लिंक्डइनवर आठशे जण जोडलेत तरी कुणी विचारत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मीही याच लाइनीतला. भोसरीत इन्स्पेक्टर म्हणून लागलो तेव्हा माझी ओळख मेसच्या काकांशी आणि बसच्या ड्रायव्हरशी, बस्स.

एका शनिवारी सहाशे ब्रॅकेटची गाडी ग्राहकाकडे रवाना झाली आणि तासाभरात माझ्या लक्षात आलं, की प्लग गेजची (भोकाचं माप तपासायच्या दांडीची) ‘गो’ बाजू, म्हणजे भोकात जायलाच हवी ती, झिजलीय. म्हणजे भोक लहान असलं तरी गेज आत जाणार आणि आम्ही ओके मारणार. सुपरवायझर म्हणाला, “गप बस, सापडलं तर बघू.” मी बाहेर जाऊन ग्राहकाकडे आलेला माल तपासणाऱ्या इनकमिंग विभागाच्या साहेबांना फोन लावला, “साहेब, गाडी येतेय, पण माल उतरवून घेऊ नका.” त्यांनी असं झापलं की बोलायची सोय नाही. रविवार-सोमवार तिथेच बसून एकेक नग तपासला.

नंतर त्यांच्याशी बोलणं व्हायचं ते वर्षातून दोनदा. दिवाळीला, नाहीतर ड्रॉइंगमधली एखादी शंका अडली की. सहा वर्षांनी त्यांचाच फोन आला, “सप्लायर क्वालिटीला माणूस हवाय. येतोस का?”

नशीब म्हणाल, पण तेवढंच नाही. अमेरिकेतल्या मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञांनी बोस्टनजवळच्या न्यूटनमध्ये नोकरी बदललेल्यांना विचारलं होतं, की ज्याच्यामुळे नोकरी लागली तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? नेहमी भेटणारे निघाले जेमतेम १७ टक्के. बाकी सगळे अधूनमधून किंवा क्वचित भेटणारे. त्यांचा यावरचा लेख १९७३ चा आहे. कारण साधं आहे: आपल्या कट्ट्यावरच्या मित्राला जे कळतं ते आपल्यालाही कळलेलंच असतं.

म्हणून साहेबांच्या पुढेपुढे करण्यापेक्षा बाहेरून येणाऱ्यांकडे बघा. ऑडिटर, इन्सर्ट (मशीनवर धातू कापायच्या टिप) विकणारा सेल्स इंजिनिअर आणि मुख्य म्हणजे कॅलिब्रेशनवाला, म्हणजे आपली गेजं बरोबर मोजतात का ते तपासून सर्टिफिकेट देणारा. हा माणूस आठवड्यात चार-पाच कंपन्या फिरतो. कुठे नवी लाइन येतेय, कुठला क्वालिटी हेड सोडून चाललाय, हे त्याला एचआरच्या आधी माहीत असतं. आपण मात्र त्याच्याकडून सर्टिफिकेट घेतो आणि गेटपास सही करून वाटेला लावतो.

आणि “सर, ओपनिंग असेल तर कळवा” असे मेसेज अनोळखी माणसांना पाठवणं थांबवा. (रोजच्या गुड मॉर्निंगच्या फुलांबद्दल तर बोलतच नाही.) त्यांनी केलेल्या कामातलं काहीतरी नेमकं विचारा. दहातले दोन-तीन उत्तर देतात, माझा तरी अनुभव असाच आहे.

साहेबांच्या गावचा म्हणून प्रमोशन मिळालेलेही मी पाहिलेत. त्यावर माझ्याकडे औषध नाही.

कॅलिब्रेशनवाला पुढच्या वेळी येईल तेव्हा गेज पुसून, यादी करून टेबलावर मांडून ठेवा. त्याचा अर्धा तास वाचतो, आणि तेवढ्यात कँटीनचा चहा होतो.