मिरवणूक म्हणा, 'गर्व यात्रा' नको

प्रश्न असा आला आहे: 'समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांच्या 'प्राइड परेड'ला मराठीत कुणी 'गर्व यात्रा' म्हणते, कुणी 'समलैंगिक गौरव परेड'. 'अभिमान यात्रा' योग्य की 'स्वाभिमान यात्रा'? आणि जूनमधल्या 'प्राइड मंथ'ला काय म्हणावे?'

'गर्व यात्रा' आधी बाद करा. हिंदीत गर्व चांगल्या अर्थाने चालतो, मराठीत चालत नाही. आपल्याकडे गर्वाचे घर खालीच असते. गर्व चढतो आणि मग कुणीतरी तो उतरवतो. 'मला माझ्या मुलीचा गर्व आहे' हे वाक्य हल्ली रोज कानांवर आदळते आणि दर वेळी मला वाटते की त्या मुलीने नक्की काय वाईट केले? हिंदी बातमीवर घाईघाईने मराठी प्रत्यय चढवणाऱ्यांनी ही भेट आपल्याला दिली आहे. 'समलैंगिक' हाही त्यांचाच माल. मराठीत शब्द 'समलिंगी' आहे, निदान वापरात तरी तोच मुरलेला आहे. 'लैंगिक' हे विशेषण शिक्षणाला, छळाला, आरोग्याला लागते. माणसाला ते लावू नये.

'परेड' पोलिसांची, सैन्याची, २६ जानेवारीची. शिवाय मराठी वर्तमानपत्रात परेड सर्वांत जास्त कुठे भेटते? 'आरोपींची ओळख परेड'! ज्यांना दीडशेहून अधिक वर्षे कायद्याने आरोपी ठरवून ठेवले होते, त्यांच्या सणाला हाच शब्द?

'अभिमान' आणि 'स्वाभिमान' यांच्याशी माझे भांडण नाही. संतांच्या भाषेत अभिमान टाकून द्यायचा असतो, देहाभिमान सोडायचा असतो. आपण मात्र शाळेत त्याच शब्दाने प्रतिज्ञा म्हणतो. इंग्रजी 'प्राइड'ही ख्रिस्ती परंपरेत सात महापापांपैकी एक. २८ जून १९६९ रोजी न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल इन या समलिंगी लोकांच्या मद्यगृहावर पोलिसांची धाड पडली, लोकांनी प्रतिकार केला, आणि पुढच्या वर्षी त्याच दिवशी ख्रिस्तोफर स्ट्रीटवरून सेंट्रल पार्कपर्यंत माणसे चालत गेली. त्या आयोजनात क्रेग शूनमेकर यांनी 'प्राइड' हा शब्द सुचवला. 'पॉवर' हा शब्द तेव्हा हवेत होताच. त्यांचे म्हणणे असे की सत्ता फार थोड्यांच्या हाती येते, स्वतःविषयीचा अभिमान मात्र कुणालाही बाळगता येतो. पाप मानलेला शब्द उचलून त्यांनी तो झेंड्यासारखा धरला. म्हणून 'अभिमान' चुकीचा नाही. अडचण आहे ती 'यात्रे'ची. यात्रा देवाला जाते, आणि अलीकडे मतदारसंघात जाते. 'स्वाभिमान यात्रा', 'गौरव यात्रा' म्हटले की लोक विचारणार, कोणत्या पक्षाची?

आता खऱ्या शब्दाकडे येऊ. शब्द आपल्या दारात उभा आहे आणि त्याच्याकडे कुणी पाहत नाही. तो आहे 'मिरवणूक'.

'मिरवणे' याचा आजचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे: नथ मिरवणे, नवी गाडी मिरवणे. जुना अर्थ त्याहून देखणा आहे. मिरवणे म्हणजे शोभणे, झळकणे. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायातली तिसरीच ओवी काढा. तिथे शब्दब्रह्म हीच गणेशाची मूर्ती आहे आणि तिच्याविषयी म्हटले आहे, 'जेथ वर्णवपु निर्दोष । मिरवत असे'. वर्ण म्हणजे अक्षरे. अक्षरांनी घडलेले, दोष नसलेले शरीर तिथे झळकते आहे. 'वर्ण' म्हणजे रंगही, आणि तो अर्थ मनात ठेवून ही ओळ पुन्हा वाचा. १२९० सालच्या मराठीत 'मिरवणे' या क्रियापदाच्या शेजारी 'निर्दोष शरीर' उभे आहे. ज्यांच्या शरीराला आणि ओढीला सतत सदोष म्हटले गेले, त्यांच्यासाठी याहून चांगली साक्ष मला कुठल्याच भाषेत माहीत नाही.

हे क्रियापद आले कुठून? सगळे काही संस्कृतातून काढण्याचा हट्ट असलेले लोक 'मरीचि', म्हणजे किरण, असे काहीतरी पुढे करतात. ध्वनी जुळत नाहीत आणि मधली प्राकृत पायरीही ते दाखवत नाहीत. दक्षिणेकडे पाहिले तर पुरावा समोर पडला आहे. कन्नडमध्ये 'मेरे' म्हणजे चमकणे, शोभणे, आणि शिवाय दिमाखाने वावरणे, गर्व करणे. तेलुगूत 'मेरुपु' म्हणजे वीज. आणि कन्नडमध्ये मिरवणुकीला म्हणतात 'मेरवणिगे'. सोलापूरच्या किंवा बेळगावच्या कुणालाही विचारा, त्याला यात नवल वाटणार नाही. मी एक पाऊल पुढे जातो: आपला '-णूक' हा प्रत्ययही, करमणूक, वागणूक, पिळवणूक यांतला, कन्नड '-वणिगे'चा सख्खा नातलग असावा असे माझे ठाम मत आहे. त्यांच्याकडे बरवणिगे म्हणजे लेखन, बेळवणिगे म्हणजे वाढ, आणि त्याच रांगेत मेरवणिगे. प्रत्यय सहसा उसने घेतले जात नाहीत, हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. पण शेकडो वर्षे एकाच घरात दोन भाषा बोलणाऱ्या पट्ट्यात तो नियम कशाला पाळला जाईल? आपल्या व्याकरणकारांनी दक्षिणेकडची खिडकी फार काळ बंद ठेवली आणि त्याची किंमत आपण अजून मोजतो आहोत.

'मेरे'चे ते तीन अर्थ पुन्हा पाहा: चमकणे, दिमाखाने वावरणे, गर्व करणे. म्हणजे 'मिरवणूक' या एकट्या शब्दात 'प्राइड'ही आहे आणि 'परेड'ही. त्याला 'अभिमान' जोडायची गरजसुद्धा नाही.

यावर हमखास येणारे बोलणे मला ठाऊक आहे: 'आहात तर असा, घरात राहा, मिरवता कशाला?' हेच वाक्य चालणाऱ्यांना दर वर्षी ऐकावे लागते, आणि बोलणारा नेमके हेच क्रियापद वापरतो. लग्नाची वरात मिरवते, गणपती मिरवतात, पहिलटकरणीचे डोहाळे फुलांनी सजवून मिरवतात. या समाजात ज्याला मान आहे ते मिरवले जाते. ज्याला मान नाही त्याची निघते धिंड. रस्ता तोच, बघ्यांची गर्दी तीच, आणि क्रियापदही दोन्हीकडे 'काढणे' हेच. मराठीत या दोन शब्दांमधली भिंत फार पक्की आहे. वेगळ्या चालीच्या मुलाला, साडी नेसणाऱ्या पुरुषाला, तृतीयपंथीयांना गावाने कोणत्या शब्दाच्या वाट्याला घातले हे सांगायला नको. म्हणूनच या लोकांनी स्वतःहून, सजून, वाजतगाजत रस्त्यावर येणे याला मिरवणूक म्हणायचे. १४ एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुकीने हा शब्द असाच कमावला आहे. ज्या रस्त्यांवर मान नव्हता त्याच रस्त्यांवर ती निघते.

'मिरवणूक म्हणजे नुसती मौज. ही तर हक्कांची लढाई, म्हणून मोर्चा म्हणा', असे एका अभ्यासकांनी मला सुनावले. 'मोर्चा' हा 'मार्च'चा अपभ्रंश आहे अशीही त्यांची समजूत होती. तसे मुळीच नाही. मोर्चा फारसीतून आला. किल्ल्याला वेढा घालताना खणलेला खंदक, तोफा लावायची जागा. 'मोर्चेबांधणी' त्यातलीच. मोर्चाला समोर एक तट लागतो, एक दार लागते. मुंबईत १६ ऑगस्ट २००८ रोजी ऑगस्ट क्रांती मैदानातून गिरगाव चौपाटीकडे लोक निघाले तेव्हा त्यांच्यापुढे असा तट होता, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७. १८६० च्या दंडसंहितेतले ते कलम ब्रिटिशांचे, म्हणून ब्रिटिश सरकारने माफी मागावी अशी मागणी त्या दिवशी केली गेली. जिथून १९४२ मध्ये 'चले जाव'ची हाक उठली त्याच जागेवरून! नावही 'क्वीअर आझादी मार्च' ठेवले, 'प्राइड' नाही. क्वीअर म्हणजे समलिंगी, तृतीयपंथी असे सगळेच. तो मोर्चा होता हे मला पूर्ण मान्य आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते कलम मोडीत काढले. समलिंगी विवाहाच्या हक्काला २०२३ मध्ये न्यायालयाने नकार दिला, म्हणजे मोर्चाचे काम संपलेले नाही. तरी ढोल, रंग, पोराच्या शेजारून चालणारी आई हे सगळे मोर्चात मावत नाही.

शेजाऱ्यांनी काय केले तेही पाहा. कोलकात्यात २ जुलै १९९९ रोजी जेमतेम पंधरा जण चालले आणि त्यांनी त्याला 'फ्रेंडशिप वॉक' म्हटले. बंगळूरमध्ये 'कर्नाटक क्वीअर हब्ब' असतो. हब्ब म्हणजे सण, आपल्या 'पर्व'चेच कन्नड रूप, 'प'चा 'ह' होऊन. चेन्नईच्या लोकांनी तर कमाल केली: 'वानविल सुयमरियादै पेरणि'. वानविल म्हणजे इंद्रधनुष्य, या चळवळीच्या झेंड्यावरचे, पेरणि म्हणजे मोठी फेरी, आणि सुयमरियादै म्हणजे स्वाभिमान, थेट समाजसुधारक पेरियारांच्या चळवळीतून उचललेला शब्द. त्यातला 'मरियादै' म्हणजे आपला 'मर्यादा'. तमिळमध्ये त्याचा अर्थ मान, आदर. आपल्याकडे मर्यादा पाळायची असते, त्यांच्याकडे ती द्यायची असते.

पुण्यात २००२ मध्ये या लोकांसाठी सुरू झालेल्या संस्थेने स्वतःचे नाव 'समपथिक' ठेवले. एकाच वाटेचे वाटसरू. मराठीत घडवलेला, बोलता येणारा, कुणाला न दुखावणारा शब्द. मुंबईच्या क्वीअर चित्रपट महोत्सवाचे नाव 'कशिश', २०१० पासून. कशिश म्हणजे ओढ, फारसी 'कशीदन' म्हणजे ओढणे. कापडावर दोरा ओढून काढतात तो कशिदाही त्याच धातूचा. नावे ठेवणाऱ्यांचा कान चांगला आहे. बिघाड होतो तो बातम्या लिहिणाऱ्यांच्या टेबलावर.

राहिला जून. 'प्राइडचा महिना' म्हणा, पुरे. तो महिना न्यूयॉर्कच्या तारखेचा आहे. मुंबईची मिरवणूक आता बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत निघते. रोजच्या बोलण्यात 'प्राइडला येतेस का?' म्हणणाऱ्यांनी खुशाल तसेच म्हणावे. तो शब्द आता मराठीतच राहतो. लेखी मजकुरात मात्र 'इंद्रधनुष्य मिरवणूक' लिहा, आणि मथळ्यात जागा कमी पडली तर 'इंद्रधनुष्य' गाळा, 'मिरवणूक' ठेवा.