आधी पाय बघा

ब्रिटनमध्ये दिसलेला शिकारी पक्षी बझर्ड (तिथला नेहमीचा शिकारी पक्षी) आहे का, असं तुम्ही विचारलंत. तुमच्या वर्णनावरून तो बझर्ड वाटत नाही. तांबूस खांदे, शेपटी बुडाशी आणि टोकाला पांढरी, पाय लांब नि पिवळे, म्हणजे बहुधा हॅरिस हॉक. मूळचा अमेरिकेतला, ब्रिटनमध्ये शिकारी पक्षी पाळणाऱ्यांचा लाडका, म्हणून निसटलेलाही बऱ्याचदा हाच. पक्षीनिरीक्षणाच्या पहिल्याच महिन्यात हा दिसला, मजा आहे तुमची!

सध्या एवढंच करा:

- पायात चामडी पट्टे, कडं किंवा घुंगरू आहे का ते बघा. उडताना मागे लोंबणारा पट्टा चटकन दिसतो. तो फांदीत अडकला तर पक्षी उलटा लटकून मरू शकतो, तेव्हा उशीर नको.
- फोटो, जागा, वेळ टिपा आणि ‘इंडिपेंडंट बर्ड रजिस्टर’ला (हरवलेल्या-सापडलेल्या पाळीव पक्ष्यांची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटनमधल्या संस्थेला) कळवा.

नवखे हमखास चुकतात ते इथे: जवळ गेलं तरी उडत नाही, म्हणून आजारी समजून पकडायला धावतात. अहो, तो माणसाळलेला असतो, पण नख्या खऱ्याच! मांसाचे तुकडेही टाकू नका. भूक असेल तरच तो मालकाच्या हातावर उतरेल. आणि पट्टा नाही म्हणजे रानटीच, असंही नाही.

नोंदवहीत ‘निसटलेला’ असं लिहून ठेवा. रानटी की निसटलेला, या नोंदींच्या वर्गवारीच्या भानगडी नंतर बघू.