गुडघा बरा झाला, गोळी सुटली नाही

प्रश्न : डॉक्टर, स. न. वि. वि. आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. माझा धाकटा मुलगा बावीस वर्षांचा आहे. शाळेत असल्यापासून फुटबॉलवेडा. अठरा वर्षांखालच्या संघात एका मोठ्या क्लबाने त्याला घेतलं होतं, फॉरवर्डला खेळायचा. गावच्या स्पर्धेत तो उतरला की वाड्यावरची म्हातारी माणसंसुद्धा मैदानावर येऊन बसायची. दोन वर्षांपूर्वी गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं. दुखायचं म्हणून ट्रामाडॉलची गोळी दिली होती, थोड्याच दिवसांपुरती. ते दिवस संपले, गोळी चालूच राहिली. आधी एका फार्मसीत चिठ्ठीशिवाय मिळायची, आता कोण आणून देतं ते कळत नाही. क्लबाने केव्हाच सोडलं. गेल्या महिन्यात कपाटातून माझ्या पाटल्या गेल्या. ह्यांनी त्याला मारलं, तेव्हापासून बापलेकात बोलणं नाही.

माझे दीर म्हणतात, त्याला सावंतवाडीला बागेत न्यावं, महिनाभर कोंडून ठेवावं, गोळी हाती लागली नाही की आपसूक सुटेल. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी न्यायचं ठरतंय. चवथीला मुंबईची मंडळी येतात, सगळे त्याच्याबद्दल विचारणार, तेव्हा काय सांगायचं ह्याचाच मला घोर लागलाय.

रात्री तो मोबाईलवर रायन लीफ नावाच्या अमेरिकेतल्या खेळाडूची भाषणं ऐकत पडतो. म्हणतो, "आई, ह्याचं आणि माझं एकच." मला इंग्रजी फारसं कळत नाही. कोण हा माणूस? तो सुटला का?
– एक आई

उत्तर : ताई, त्याला सावंतवाडीला नेऊ नका. आधी एवढं पक्कं करा, मग पुढचं वाचा.

ट्रामाडॉल ही अफूच्या गोत्रातली वेदनाशामक गोळी आहे. रोज घेणाऱ्याची ती एकदम तोडली की दिवसभरात जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात मुरडा आणि जुलाब सुरू होतात. रात्री पाय स्वस्थ ठेवता येत नाहीत, झोप लागत नाही. ही गोळी मेंदूवर आणखी एका वाटेने, उदासीवरच्या औषधांसारखीही काम करते. त्यामुळे काही जणांना ती तुटल्यावर जिवाचा थरकाप होईल अशी भीती वाटते, क्वचित भासही होतात. आणि मात्रा फार वाढवली तर फिट येते. हे सगळं बागेतल्या बंद खोलीत कोण सांभाळणार?

त्याहून मोठी काळजी मला महिन्यानंतरची आहे. तोवर शरीराची सवय उतरलेली असेल. बाहेर आल्यावर कधीतरी रात्री त्याला गोळी आठवेल, आणि तो पूर्वी पचत होती तेवढीच घेईल. तेवढी मात्रा आता शरीराला झेपत नाही. श्वास मंदावत जातो आणि माणूस झोपेत दगावतो. अशी मुलं गोळी घेत असतानापेक्षा ती सुटल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांत जास्त धोक्यात असतात. तुमच्या दिरांचा हेतू चांगला आहे ह्याबद्दल मला शंका नाही. त्यांना हा मजकूर वाचून दाखवा.

त्याला बांबोळीला घेऊन जा. गोमेकॉजवळची (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाजवळची) मनोविकार संस्था, जिला सगळे आयपीएचबी म्हणतात, तिथल्या ओपीडीत. 'वेड्यांचं इस्पितळ' हे तिचं जुनं नाव अजून आपल्या तोंडात आहे आणि त्या नावापायी कितीतरी घरं दाराशी जाऊन परत फिरतात. तुम्ही फिरू नका. जाण्याआधी कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत. व्यसनासाठी वेगळा राष्ट्रीय नंबर १४४४६ आहे.

जाताना गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत न्या. ती रागाने फेकून देऊ नका, आम्हा डॉक्टरांना त्यांचा फार उपयोग होतो. माझ्याकडे आलेल्या एका मुलाच्या आईने त्याची खेळाची बॅग माझ्या टेबलावरच उपसली. शिनगार्डच्या आतल्या बाजूला, फोमखाली, कात्रीने एकेक सुटी कापलेली गोळी चिकटपट्टीने लावलेली होती. त्या चांदीच्या तुकड्यांवर बारीक अक्षरांत लिहिलेलं वाचल्यावर मला कळलं की त्या नुसत्या ट्रामाडॉलच्या गोळ्या नव्हत्या. साडेसदतीस मिलिग्रॅम ट्रामाडॉलबरोबर ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल होतं. अशा बारा गोळ्या पोटात गेल्या की जवळजवळ चार ग्रॅम पॅरासिटामॉल होतं, आणि चार ग्रॅम ही धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा. त्यापुढे यकृताला धोका. त्या मुलाचं यकृत आधी तपासावं लागलं, बाकीचं मागाहून. तुमच्या मुलाची गोळी कुठली आहे ते म्हणून आधी कळायला हवं.

पोलिसांची भीती पत्रात तुम्ही लिहिली नाहीत, पण ती मनात असणारच. २०१८ पासून ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, त्यामुळे चिठ्ठीशिवायचा व्यवहार हा गुन्हाच आहे. मात्र त्याच कायद्यात, १९८५ च्या एनडीपीएसमध्ये, ६४-अ हे कलम आहे. प्रकरण केवळ सेवनाचं किंवा अल्प प्रमाणाचं असेल आणि माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार पुरा करत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचाराला गेल्याने मुलगा अडकेल, ही भीती सोडा.

डॉक्टर गोळी हळूहळू उतरवतील, किंवा ब्युप्रेनॉर्फिन नावाची जिभेखाली ठेवायची गोळी सुरू करतील. 'एक गोळी सोडवून दुसरी लावली' असं घरात कुणीतरी म्हणेलच. ही दुसरी गोळी मोजून, डॉक्टरांच्या नजरेखाली घेतली जाते. तिने तलफ आणि अंगदुखी शमते, आणि मुलगा जेवू-झोपू लागतो. गुडघाही पुन्हा दाखवा. दोन वर्षांनी तो खरोखर दुखत असेल तर त्या दुखण्याला फिजिओथेरपी आणि दुसरी औषधं हवीत, नाहीतर तो परत त्याच गोळीकडे वळेल.

आता रायन लीफ. ह्या माणसाबद्दल मी सविस्तर लिहिते, कारण तुमचा मुलगा ज्याचं ऐकतो त्याची गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी.

अमेरिकेचा फुटबॉल आपला नव्हे. लांबट चेंडू, हातांनी फेकायचा. क्वार्टरबॅक म्हणजे जवळपास प्रत्येक चाल ज्याच्या हातून सुरू होते तो. संघ हरला की पहिलं बोट त्याच्याकडेच जातं. लीफ हा मोंटाना राज्यातल्या ग्रेट फॉल्स गावचा, जन्म १९७६ चा. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाला त्याने ६७ वर्षांनी रोझ बोल ह्या मानाच्या सामन्यापर्यंत नेलं. १९९८ मध्ये व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडले तेव्हा पहिला पेटन मॅनिंग आणि दुसरा लीफ. ह्या दोघांत आधी कोणाला घ्यावं ह्यावर महिनोन् महिने वाद झाले होते. सॅन डिएगो चार्जर्सने त्याला करारावर सही करतानाच १ कोटी साडेबारा लाख डॉलर दिले. तेव्हा तो तुमच्या मुलाएवढाच होता.

पहिले दोन सामने जिंकला. तिसरा कॅन्सस सिटीत. त्या दिवशी त्याने पंधरा वेळा चेंडू फेकला आणि आपल्या माणसाच्या हाती तो एकदाच पोचला, तोही चार यार्डांपुरता. दुसऱ्या दिवशी खेळाडूंच्या खोलीत तो एका पत्रकारावर ओरडला. कॅमेरा चालू होता. ते ओरडणं अमेरिकेने इतक्या वेळा पाहिलं की पुढे खेळापेक्षा त्याचीच ओळख जास्त झाली. मग मनगट, खांदा, शस्त्रक्रिया. एकूण पंचवीस सामन्यांत चौदा टचडाउन, म्हणजे त्यांच्याकडचे गोलच, आणि प्रतिस्पर्ध्याच्या हाती दिलेले छत्तीस चेंडू. २००२ मध्ये, सव्विसाव्या वर्षी, तो मैदानातून बाहेर पडला.

खेळ संपला म्हणजे दुखणं कमी व्हायला हवं होतं. पण गोळ्यांनी त्याचं आयुष्य ताब्यात घेतलं ते ह्यानंतर. व्हायकोडिन ही हायड्रोकोडोन आणि पॅरासिटामॉलची गोळी, ट्रामाडॉलच्याच गोत्रातली पण अधिक कडक. तो आपल्या भाषणांत सांगतो की शरीराच्या वेदनेपेक्षा अपयशाची, लोकांच्या नजरेची बोच त्या गोळीने थांबायची. तुमचा मुलगा "ह्याचं आणि माझं एकच" म्हणतो ते ह्याच जागी असावं, असं मला वाटतं. त्याला विचारा. उपदेश न करता, नुसतं विचारा.

पुढची उतरण मी भरभर सांगते. टेक्ससमधल्या एका विद्यापीठात तो प्रशिक्षक झाला आणि एका खेळाडूकडेच गोळी मागितल्यावरून २००८ मध्ये ती नोकरी गेली. २०१० मध्ये गोळ्यांच्याच प्रकरणातला गुन्हा कबूल केला, दहा वर्षांच्या देखरेखीवर सुटला. २०१२ मध्ये आपल्याच गावी, ओळखीच्या लोकांच्या घरांत शिरून त्याने गोळ्या उचलल्या आणि चार दिवसांत दोनदा पकडला गेला. न्यायालयाने आधी त्याला उपचार केंद्रात पाठवलं, तिथले नियम मोडले म्हणून मग तुरुंगात. डिसेंबर २०१४ मध्ये सुटला.

तुरुंगात त्याच्या खोलीत एक माजी सैनिक होता. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या लीफला त्याने उठवलं आणि ज्या कैद्यांना वाचता येत नव्हतं त्यांना शिकवायला आपल्याबरोबर नेलं. लीफ म्हणतो की खूप वर्षांनी आपण कुणाच्यातरी उपयोगी पडलो असं त्याला तिथे वाटलं. सुटल्यावर व्यसनमुक्तांच्या एका निवासात त्याने तासाच्या मजुरीवर गाडी चालवली, आणि आता तो गावोगाव हेच सगळं सांगत फिरतो. मे २०२० मध्ये घरगुती मारहाणीच्या आरोपावरून त्याला पुन्हा अटक झाली, हेही मी तुमच्यापासून लपवत नाही. गोळ्यांपासून आपण दूर आहोत असं तो सांगतो. माणूस पुरता निस्तरला असं त्याच्याकडे बघून कुणी म्हणू नये, पण अडतीस वर्षांचा होऊन तुरुंगातून निघालेला माणूस पुन्हा उभा राहू शकला. तुमचा मुलगा बावीसचा आहे, त्याने कुणाचं दार फोडलेलं नाही आणि त्याची आई त्याच्यासाठी पत्र लिहिते आहे.

तुमच्या पत्रात गुडघ्याबद्दल एक ओळ आहे आणि चवथीबद्दल त्याहून जास्त. हा दोष म्हणून लिहीत नाही, आपल्या गावांत हे ओझं किती असतं ते मी रोज बघते. पण ती लाज त्याच्यापर्यंत पोचते, आणि ती बधिर करायला त्याच्याकडे सध्या एकच वस्तू आहे. चवथीला विचारलं तर सांगा, "त्याची तब्येत बरी नाही, बांबोळीचं औषध चालू आहे." इतकं पुरे. आणि आरतीला त्याला सगळ्यांबरोबर उभा राहू दे, आतल्या खोलीत बसवू नका.

पाटल्यांचा शोध आत्ता घेऊ नका. रोख पैसे हातात देऊ नका. त्याच्या बाबांना माझा निरोप द्या. मारलंत ते झालं, आता पहिल्या ओपीडीला तुम्ही त्याच्याबरोबर बसा. औषध रोज त्याला तुमच्याच हातून मिळू दे. बोलणं नाही जमलं तरी चालेल, शेजारी बसा.

फुटबॉलचं काय, हे तो विचारेल. त्यावर आत्ता हो किंवा नाही काहीच म्हणू नका. निदान सहा महिने तो विषय डॉक्टर आणि फिजिओ ह्यांच्यावर सोपवा.

प्रश्न : मी पेडण्यातल्या एका गावच्या संघाला शिकवतो. सामन्याआधी काही पोरं दुखण्याच्या गोळ्या घेऊन उतरतात. अडवावं का?

उत्तर : अडवा. गोळीने दुखणं दबतं, दुखापत तशीच राहते. तशाच पायावर नव्वद मिनिटं धावलं की आठवड्यात बरं होणारं स्नायूचं ताणणं महिन्यांवर जातं. डायक्लोफेनॅकसारखी साधी गोळीसुद्धा उन्हात, घाम गाळत, पुरेसं पाणी न पिता घेतली तर मूत्रपिंडाला इजा करू शकते. ट्रामाडॉल तर १ जानेवारी २०२४ पासून सामन्याच्या काळात उत्तेजकविरोधी नियमांनीच बंद आहे. मोठ्या स्पर्धेत पकडलेल्या पोराची कारकीर्द तिथेच अडकेल. गोळ्या कोण पुरवतो ते शांतपणे काढून घ्या. ज्याला गोळीशिवाय उतरताच येत नाही, त्याला संघातून काढू नका. त्या दिवशी बाकावर बसवा, घरच्यांना भेटा, आणि त्याच आठवड्यात त्याला फिजिओकडे स्वतः घेऊन जा.