बायको चौथ्या महिन्यात आहे. अंगणवाडीचा आहार आणि सरकारी गोळ्या घ्याव्यात का, की ते फक्त गरिबांसाठी असतं?

घ्या. पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, "आमची परिस्थिती बरी आहे, आई म्हणते लोक काय म्हणतील." ते वाचलं आणि गप्प बसवेना. मी वाळवा तालुक्यात अंगणवाडी सेविका होते, आता निवृत्त आहे. हे वाक्य दारोदारी ऐकलंय, आणि सगळ्यात मोठ्या आवाजात ऐकलं ते माझ्याच सासरी.

आमचं घर बागायतदार. ऊस, दावणीला म्हशी, डेअरीला रोजचं दूध. 2011 च्या सुमाराला धाकटी जाऊ पहिलटकरीण होती. तेव्हा घरपोच आहार म्हणून शिरा, उपमा आणि सुकडीची पाकिटं यायची. मी तिचं नाव रजिस्टरला घातलं तर सासूबाई कडाडल्या, "आपण काय भिकेला लागलोय?" दीर म्हणाले, "वहिनी, ते तुमच्या गोरगरिबांना वाटा." पाकिटं गेली म्हशीच्या आंबोणात. लाल गोळ्या फडताळावर पडल्या, कारण शेजारणीने सांगून ठेवलेलं, लोहाच्या गोळीने पोर काळं होतं.

उपकेंद्रात रक्त तपासलं. हिमोग्लोबिन आठ! दुभत्याच्या घरातली सून आणि अंगात रक्त नाही, हे कोणाला पटेना. मला पटलं, कारण मीही त्याच स्वयंपाकघरात जेवत होते. दूध डेअरीला, उरलेलं पुरुषांच्या चहाला आणि पोरांना. बापये उठले की पोरं, मग सासूबाई, मग आम्ही दोघी. तोवर पातेल्यात आमटीचं पाणी राहिलेलं असायचं, आणि भाकरीबरोबर कपभर कोरा चहा. तुमच्या घरी असं नसेल. पण बायको दिवसभरात नेमकं काय खाते ते एकदा तिलाच विचारा, आईला नको.

डोहाळजेवणाच्या आदल्या रात्री मी सुकडीची चार पाकिटं चाळून घेतली, तुपात खरपूस भाजली, शेंगदाण्याचं कूट आणि किसलेला गूळ घालून लाडू वळले. सगळ्यांनी वाखाणले. दिरांनी तर उभ्याउभ्या तीन संपवले. मग मी सांगितलं कशाचे आहेत ते. सासूबाईंनी ताट सारलं, जाऊ पाहुण्यांसमोर रडली, आणि घराची अब्रू घालवली म्हणून पुढे कितीतरी महिने ती माझ्याशी बोलली नाही. आजही विषय निघाला की म्हणते, "ताई, चव तुपाची होती, पाकिटाची नव्हती." बरं, तुपाची तर तुपाची. मग घालायचं की तूप! घरात डबा भरून होतं.

गोळ्याही तिने काही माझ्या सांगण्याने सुरू केल्या नाहीत. नर्सबाईंनी दिरांना दवाखान्यात बसवून दटावलं, तेव्हा सुरू झाल्या. पोरगी झाली. बापाच्या रंगावर गेलीय, गोळीच्या नाही.

आता "गरिबांसाठी" या शब्दाबद्दल. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात प्रत्येक गरोदर बाईला आणि बाळंतपणानंतर सहा महिने आईला अंगणवाडीतून मोफत आहाराचा हक्क दिलाय. उत्पन्नाचा दाखला कोणी मागत नाही. दिवसाला 600 कॅलरी आणि 18 ते 20 ग्रॅम प्रथिनं, असं प्रमाण ठरलेलं आहे. (मातृवंदना योजनेत गरोदर बायकांना पैसे मिळतात, त्यांचं वेगळं, तिथे अटी आहेत.) घरातल्या कणगीवर सुनेचं नाव नसतं, या पाकिटावर असतं. मला त्याचं मोल वाटतं, आणि घरातल्या इतर वाटेकऱ्यांनी त्याला हात लावू नये हे बघणं तुमचं काम.

पाकिटं चांगली असायची असं मी म्हणत नाही. गुठळ्या, कधी कुबट वास, आणि ठेकेदाराचा माल कसा येतो ते आम्ही उतरवून घेणाऱ्या बायकांना माहीत. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्येच सांगितलं होतं की यात ठेकेदार नकोत, गावातली महिला मंडळं आणि बचत गट घ्या. कोरोनात गहू, हरभरा, डाळ असा कोरडा शिधा आला, तेव्हा लोक आपणहून न्यायला यायला लागले. माल खराब असेल तर सेविकेला दाखवा, लेखी तक्रार करा. न घेता घरी बसून नावं ठेवू नका.

गोळ्यांचं. सरकारी लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान 180 दिवस, बाळंतपणानंतर पुन्हा तेवढेच. खासगी डॉक्टरांच्या गोळीतही बहुतेक तेच असतं, त्यामुळे दोन्ही घेऊ नका. दोन्ही पाकिटं डॉक्टरांपुढे ठेवा आणि कोणती चालू ठेवायची ते विचारा. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यायची, वर लिंबूपाणी. चहा आणि कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर अजिबात नको, मध्ये दोन तास जाऊ देत. शौचाला काळं होतं, त्याने घाबरायचं नाही. देशात निम्म्याहून जास्त गरोदर बायका रक्तक्षयी आहेत, 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 52 टक्के. एवढ्या सगळ्या काही गरीब नाहीत.

बाळंतपणानंतरचं एक आत्ताच सांगून ठेवते: बाळ नऊ महिन्यांचं झालं की 'अ' जीवनसत्त्वाचा पहिला डोस, पुढे दर सहा महिन्यांनी पाच वर्षांपर्यंत, एकूण नऊ. पहिल्या दोनांनंतर लोक विसरतात. हे डोस मुलांसाठी आहेत, गरोदर बाईने 'अ' जीवनसत्त्वाच्या जास्त ताकदीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

हे आधीच सांगायला हवं होतं, पण जावेचं पुराण लांबलं: गरोदरपणात साखर वाढलेली असेल तर गोड पाकिटं नकोत. थायरॉइडची गोळी चालू असेल तर लोहाच्या गोळीशी चार तासांचं अंतर. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया (रक्ताचे आनुवंशिक आजार) घराण्यात असेल तर लोह डॉक्टरांना विचारूनच.

नाव नोंदवायला बायकोलाच घेऊन जा, आधार आणि त्याला जोडलेला मोबाईल बरोबर ठेवा. हल्ली अंगणवाडीच्या नोंदींच्या पोषण ट्रॅकर ॲपवर लाभार्थीचा चेहरा टिपल्याशिवाय सेविकेला घरपोच आहार देता येत नाही, त्यामुळे तुम्ही एकटे गेलात तर हेलपाटा पडेल.